वेंगुर्ल्याच्या मांगरात १९७० ची फियाट १२४ स्पोर्ट कूपे. घ्यावी का?

खाडीकाठचा:
नमस्कार मंडळी. मी शिरोड्याचा. गाड्यांतलं माझं ज्ञान एवढंच की वडिलांची पद्मिनी (आपल्याकडे बनायची ती फियाट) होती आणि त्यांच्या हातात पाना देणं हे माझं काम होतं. गेल्या आठवड्यात वेंगुर्ल्याजवळ काजूच्या बागेत एकाने मांगरातली (बागेतल्या खोपटातली) निळी ताडपत्री उचलून दाखवली. मला वाटलं पद्मिनीच असणार. निघाले पुढे चार गोल दिवे, दोनच दरवाजे आणि मागे उतरत गेलेलं छप्पर. इटलीची अस्सल कूपे!

मालकांचे वडील नैरोबीला नोकरीला होते, परतताना बोटीने घेऊन आले. स्टिअरिंग उजवीकडेच आहे. १६०८ सीसी, दोन वेबर कार्बोरेटर, पाच गिअर. नंबर मुंबईचा, जुना तीन अक्षरी. वडील २००९ मध्ये गेले, तेव्हापासून गाडी बंद. आरसीवर नाव त्यांचंच. मागतायत साडेसहा लाख. बायको म्हणते त्या पैशात बागेला कुंपण होईल, आणि तिचं काही चूक नाही. पण डोळे मिटले की ते चार दिवे दिसतात. काय काय बघू?

माडाखाली:
माका इचारशात तर आधी कुंपण घाल. माकडां काय इटलीची गाडी बघून पळूची नाय.

जुना फियाटवाला:
रत्नागिरीला बत्तीस वर्षं गॅरेज चालवलं, त्यात निम्म्याहून जास्त पद्मिनी. म्हणून बोलतो.

इंजिनाची चिंता शेवटी कर. ते आउरेलियो लाम्प्रेदी या इंजिनिअरने आखलेलं आहे. हा माणूस फेरारीतून फियाटला आला. १९५१ मध्ये सिल्व्हरस्टोनला फेरारीने फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेतली आपली पहिली शर्यत जिंकली, त्या गाडीचं इंजिन याचंच. १२४ साठी त्याने इंजिनाच्या डोक्यावर व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट बसवले आणि ते फिरवायला साखळीऐवजी दाते असलेला रबरी पट्टा. तेव्हा हे नवलच होतं. तुझ्या मॉडेलला ११० अश्वशक्ती. आपल्या पद्मिनीला चाळीसच्या आसपास, म्हणजे बघ.

पण तो पट्टा इतकी वर्षं एकाच जागी वाकून बसलाय. मालक म्हणतील, "बॅटरी लावून एकदा चावी मारून बघू." नाही म्हणायचं. पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह वाकायची भीती. चारही प्लग काढ, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोड, दोन दिवस जाऊ देत. मग पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हळू फिरव. जड लागलं की तिथेच थांब. स्टार्टरची वेळ पट्टा नवा बसल्यावर.

खरा खेळ पत्र्याचा. गाडी बघायच्या आधी तिच्याखालची जमीन बघ. मांगरात सारवण असेल नाहीतर जांभा, दोन्हींतून पावसाळ्यात ओल वर येते, आणि वर ताडपत्री. म्हणजे गाडी इतके पावसाळे मोदकपात्रात बसलेली. खाली तपकिरी पापुद्रे पडले असतील तर हातात घेऊन बघ. जाड निघाला तर वर काहीतरी सुटलंय. लोहचुंबकाला सुती फडकं गुंडाळ आणि दरवाज्यांखालच्या सिलवर, मागच्या चाकांच्या कमानींवर फिरव. चिकटला नाही तिथे आत लांबी, म्हणजे पुटी, भरली आहे. मग बॉनेट उघड आणि पुढच्या सस्पेन्शनची टोकं जिथे वर येऊन बसतात ते दोन बुरूज बघ. तिथला पत्रा गेला असेल तर साडेतीन लाखांतही घेऊ नकोस.

मी स्वतः फसलोय. हर्णैची एक पद्मिनी नुसता रंग बघून घेतली. जॅक लावला तर जॅक वर गेला, गाडी तिथेच.

रांगेतला माणूस:
कागदांचं बोलतो. आरसीवर नाव असलेले मालक हयात नाहीत, म्हणजे आधी वारसांच्या नावावर, फॉर्म ३१. सगळ्या भावंडांची संमती लेखी घ्या. कोकणात घराचा वाद मांगरापर्यंत यायला वेळ लागत नाही. मूळ आरटीओच्या दप्तरात नोंद जिवंत आहे का, तेही आधीच बघा.

दुसरी वाट २०२१ च्या नियमांची. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. मात्र रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

घाटावरचा:
प्रीमियर ११८ एनई गाडीचे पार्ट चालतील ना? तीही १२४ च!

जुना फियाटवाला:
बॉडी १२४ सेदानची, पण इंजिन निस्सानचं, त्यामुळे इंजिनाचं काहीच नाही. खालचं थोडंफार जुळेल, जुना पार्ट शेजारी ठेवून बघायचा. काचा मात्र कूपेच्या वेगळ्या. पुढची काच तडकलेली असेल तर भाव पाडून माग. लेथचं काम पडलं तर आंबोली चढून कोल्हापूरला उद्यमनगरात जा.

आणि सगळे पेट्रोलचे पाइप बदल. आताचं इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला खातं.

खाडीकाठचा:
काल चुंबक घेऊन गेलो. बुरूज दोन्ही ठणठणीत. डावी सिल ठीक, उजवीला वीतभर जागी चिकटत नाही. जमिनीवर पापुद्रे मूठभर, पातळ. एअर फिल्टरमध्ये उंदराचं घर, आत काजूची टरफलं. काच शाबूत. चावी मारू दिली नाही, मालक जरा रागावले.

चार लाख म्हटलं. ते म्हणाले आईला विचारतो. आजी ओटीवरच सुपारी कातरत बसल्या होत्या. किमतीचं काही बोलल्या नाहीत. "चालवतलंस की ठेवतलंस?" एवढंच विचारलं. मी पटकन म्हणून गेलो, चालवणार.

रांगेतले दादा, जुना नंबर जिवंत करायला मूळ आरटीओत नेमकं कोणत्या खिडकीवर जाऊ?