विषय सुचवा, रॉकेट सोडून

(सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, कोल्हापूर)

गौरी (ए-३०२): मंडळी, महिला मंडळाचा यंदाचा कार्यक्रम ठरलाय. स्त्रीवादी विज्ञानकथांवर अर्ध्या दिवसाचा मेळावा, आपल्याच हॉलमध्ये, रविवारी दुपारी ३ पासून. भाषणं नकोत, तीन-चार चर्चा ठेवू. प्रत्येक चर्चेला दोघी-तिघी (किंवा दोघं-तिघं) पुढे बसतील, बाकीच्यांनी मध्येच तोंड घातलं तरी चालेल. विषय सगळ्यांनी सुचवायचे. 'विज्ञान शाप की वरदान' सुचवणाऱ्याला चहा मिळणार नाही.

शिंदे काका (बी-१०४): म्हणजे यंदा पैठणीचा खेळ नाही?

माने वहिनी (बी-३०१): काका, तुम्ही कधी खेळलाय?

शिंदे काका: बघायला असतो की.

अनुजा (सी-२०२): गौरीताई, ह्यात नेमकं काय असतं? रॉकेटात बाई पायलट, एवढंच?

गौरी: रॉकेट नसलं तरी चालतं गं. अमेरिकेत मॅडिसन नावाचं शहर आहे, विस्कॉन्सिन राज्यात. तिथं १९७७ साली 'विस्कॉन' नावाचं स्त्रीवादी विज्ञानकथांचं संमेलन सुरू झालं. पाहुण्यानं तास तास बोलायचं आणि आपण जांभया द्यायच्या, असला प्रकार नाही. चर्चेचे विषय येणारे लोकच सुचवतात. आपला मेळावा मी त्यावरूनच घेतलाय. १९९१ साली तिथं टिपट्री पुरस्कार जाहीर झाला, बाईपण-पुरुषपण नव्यानं तपासणाऱ्या कथांसाठी. त्याला पैसे कसे जमवले, तर लोकांनी घरी केक-बिस्किटं भाजून विकली.

माने वहिनी: मग आपण भडंग विकू. जयसिंगपूरवरनं मागवते.

पाटील (सेक्रेटरी): हॉल मोकळा आहे. भडंग सांडल्यास झाडण्याची जबाबदारी आयोजकांची.

देसाई काकू (ए-१०१): माझा विषय घ्या. रोकेया सखावत हुसेन या बंगाली बाईंची 'सुलतानाज ड्रीम', १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझीन'मध्ये छापलेली. त्यात कारभार बायकांच्या हाती आणि पुरुष जनान्यासारख्या मर्दान्यात. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर, त्यामुळे धूर नाही, कोळसा नाही. ढगातलं पाणी नळ्यांनी वरच्या वर ओढून घेतात. सुलताना विचारते, तुम्ही प्रयोगशाळा सांभाळून कचेरीचं काम कसं उरकता? तिची मैत्रीण हिशोब मांडते : पुरुष दिवसाला बारा चिरूट ओढतात, एकाला अर्धा तास, म्हणजे सहा तास धुरातच गेले. बायकांचं काम दोन तासांत आटपतं. शाळेत हा उतारा वाचून दाखवला की मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा मान वर करायच्या.

शिंदे काका: मी चिरूट ओढत नाही.

माने वहिनी: सकाळपासून हा तुमचा ग्रुपवरचा कितवा मेसेज?

शिंदे काका: ते राहू द्या. माझा मुद्दा ऐका. बाईला कोंडलं तर अन्याय आणि पुरुषाला कोंडलं तर न्याय? हा कुठला स्त्रीवाद?

देसाई काकू: शिंदे, हाच चर्चेचा विषय, तुम्हीच पुढे बसायचं. पुरुष कोंडलेले वाचून तुम्हाला लगेच खटकलं. बायका कोंडलेल्या होत्या ते त्या काळी कुणाच्या लेखी बातमी नव्हती, म्हणून बाईंनी चित्र उलटं केलं. पण माझीही एक तक्रार आहे. सगळं उलटं केलं तरी वर राणी आहेच. कोंडणारा बदलला, कुलूप राहिलं. त्यावर मी काकांच्या बाजूनं बोलेन.

शिंदे काका: आं? मग बसतो.

गौरी: एक नंबरचा विषय पक्का. दुसरा माझा, तो आपल्या गावाशीही लागतो.

ज्या टिपट्रीच्या नावानं २०१९ पर्यंत तो पुरस्कार होता, तो जेम्स टिपट्री नावाचा कुणी पुरुष नव्हताच. ॲलिस शेल्डन नावाच्या बाई त्या नावानं लिहायच्या. १९७५ साली एका नामवंत लेखकानं छातीठोकपणे लिहिलं की या लेखनात काहीतरी अस्सल पुरुषी आहे, हे बाईनं लिहिलेलं असणं शक्य नाही. दोन-एक वर्षांत खरं बाहेर आलं.

आता आपल्याकडे बघा. जयंत नारळीकर, जन्म कोल्हापूरचा, १९३८. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली. नावाच्या वलयाशिवाय कथा टिकते का बघायचं होतं. टिकली, पहिलं बक्षीस मिळालं. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली होती. हा किस्सा आपण सगळे कौतुकानं सांगतो. सांगताना मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ होत्या, हे किती जण सांगतात?

माझं म्हणणं एवढंच की पुरुष नाव लपवतो ते कीर्ती बाजूला ठेवायला आणि बाई लपवते ते दार उघडावं म्हणून. या दोन लपवण्यांत फरक आहे. चर्चेचं नाव 'अक्षर कुणाचं?'

अनुजा: हे भारी आहे. शुभदा गोगटे, मेघश्री दळवी यांचं लेखन पण ह्यात घ्या की. नाहीतर विज्ञानकथा लिहिणाऱ्या बायका म्हणून सगळ्या परदेशातल्याच आणायच्या आपण.

देसाई काकू: बरोबर. लायब्ररीत काय मिळतंय ते मी बघते.

माने वहिनी: आता माझा. विषय पूर. लांब लिहिणार आहे, ड्युटी संपलीय.

गोष्टीत पूर आला की एक शास्त्रज्ञ असतो, त्याचं एक यंत्र असतं आणि शेवटच्या क्षणाला सगळं वाचतं. २०१९ ला मी निवारा केंद्रावर होते. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका, हे आपल्याकडं शेंबडं पोर सांगतं. पण पाणी ३९ ला लागलं की घरात काय सुरू होतं ते कुठल्या गोष्टीत आलंय? पिठाचा डबा माळ्यावर, सासऱ्याच्या बीपीच्या गोळ्या पिशवीत, रेशन कार्ड प्लॅस्टिकात, गाभण म्हैस कुणाच्या दारात बांधायची. ही सगळी यादी एकाच बाईच्या डोक्यात असते आणि ती कुठं लिहिलेली नसते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं उघडतात. पिठाचा डबा अजून आपोआप वर जात नाही.

केंद्रावर बिस्किटांचे बॉक्स छतापर्यंत लागले होते. आणि बायका माझ्याजवळ येऊन, पदर तोंडाला लावून, कानात विचारायच्या, "सिस्टर, पॅड हाय का?" बॉक्स मोजणाऱ्या माणसाच्या वहीत तो रकानाच नव्हता. उद्याच्या पुराची गोष्ट लिहायची तर त्या वहीपासून लिहा. मला शास्त्रज्ञ नको, मला रकाना पाहिजे.

गौरी: वहिनी 🙏 हा विषय तुम्हीच मांडायचा.

माने वहिनी: माईक हातात दिला की मला घाम फुटतो.

गौरी: मग खाली बसून बोला. पण बोला.

पाटील (सेक्रेटरी): विषयांतराबद्दल क्षमस्व. बी विंगची टाकी आज पुन्हा भरून वाहिली. सेन्सर बसवायला सगळ्यांकडून वर्गणी काढली होती. मोटर ऑटोमॅटिक असताना पाणी वाया जातंच कसं?

अनुजा: काका, सेन्सर कधीचा बंद आहे. संगीताताई भांडी घासताना पाण्याचा आवाज ऐकून खाली जाऊन मोटर बंद करते. आज ती आली नाही.

शिंदे काका: हे मला माहीत नव्हतं.

माने वहिनी: कुणालाच नव्हतं. विज्ञानकथा घरातच आहे.

अनुजा: माझा विषय सांगतो, मग अभ्यासाला बसतो. उर्सुला ल ग्विनची १९६९ ची एक कादंबरी आहे, त्यातल्या ग्रहावर माणसं एरवी ना बाई ना पुरुष. इंग्रजीत तिनं त्यांना सरसकट पुरुषी सर्वनाम वापरलं. लोकांनी टीका केली आणि पुढं तिला स्वतःलाही ते पटलं. पण ती मराठीत लिहायला बसली असती तर? इथं आला-आली-आलं, क्रियापदच आधी चुगली करतं. परग्रहावरचा माणूस दारात उभा करायचा झाला तरी पहिल्याच वाक्यात तो की ती सांगावं लागतं. सगळी कथा 'मी येणार', 'मला वाटतं' अशा अंग चोरणाऱ्या वाक्यांत लिहायची? की आम्ही कोल्हापूरच्या पोरी 'मी आलो, मी जेवलो' म्हणतो तसं बिनधास्त? पुण्याला कॉलेजात माझी मस्करी करतात त्यावरनं.

देसाई काकू: हा विषय छोटाच ठेवू, पण ठेवू. जमलं तर प्रत्येकीनं एक परिच्छेद लिहून आणायचा, ज्यात पात्र बाई की पुरुष कळता कामा नये. वाटतं तितकं सोपं नाही ते.

गौरी: सी-१०१ च्या आक्कांनी व्हॉइस मेसेज टाकलाय. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी लिहिते, त्यांच्याच शब्दांत :

"मला त्या ग्रहाबिरहाचं काय कळत न्हाई. पर माजा बा गेला तवा आयच्या बांगड्या उंबऱ्यावर दगडानं फोडल्या. एक काच तिच्या मनगटात शिरली, ती आठ दिवसांनी निघाली. त्या टायमाला कुनी म्हनलं असतं की आपल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडची ग्रामपंचायत ठराव करनार हाय, ह्ये असलं करायचं न्हाई म्हनून, तर त्याला येड्यात काडलं असतं. पर २०२२ ला झाला का न्हाई ठराव? मग तुमी पुढच्या शंभर वर्साचं बोलनार असाल तर ठरावच ल्हिवा. नुसत्या गप्पा नगंत."

शिंदे काका: आक्का, शाहू महाराजांनी १९१७ सालीच संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता.

गौरी: आक्कांचं उत्तर : "व्हय, कायदा हुता. दगड पन हुता."

देसाई काकू: चर्चेचा शेवट असाच करू. 'ग्रामपंचायत, साल २१२२'. प्रत्येकानं एक ठराव लिहायचा, रीतसर : विषय, ठराव, सूचक, अनुमोदक. सूचक कुणीही चालेल, अनुमोदक मिळवायला मात्र भांडावं लागेल. कल्पनेची परीक्षा तिथंच होते.

शिंदे काका: माझा ठराव तयार आहे. पैठणीचा खेळ पुरुषांसाठीही खुला करावा.

माने वहिनी: अनुमोदन.

अनुजा: मेळाव्यात घरकाम करणाऱ्या रोबोचा विषय कुणीच घेतला नाही. आणि संगीताताई ग्रुपवर नाही.

गौरी: तिला फोन केला. ताप आलाय, उद्या येते म्हणाली. रोबोचं विचारलं. म्हणाली, "ताई, रोबो आणलासा तर त्याच्यामागनं कोपरं पुसायला मलाच लावशीला. त्यापरास एक माझ्या घरी द्या, मी गेल्यावर माझ्याबी घरात भांडी पडल्यालीच असत्यात." गोष्टीतला रोबो नेहमी मालकिणीच्याच घरी येतो, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. पुढे बसून बोलशील का विचारलं, तर हो म्हणाली. पण रविवारी दुपारी तिची चपात्यांची ऑर्डर असते. सकाळी ११ ला जमेल.

अनुजा: ११ ला तर ती आपल्याच घरात असते की.

देसाई काकू: ज्या चार घरी ती येते त्यांनी त्या दिवशी आपली भांडी आपण घासायची. खाडा धरायचा नाही. आणि पुढे बसणाऱ्यांना मानधन देणार असू तर तिलाही तेवढंच.

माने वहिनी: आमच्या घरचं मंजूर.

शिंदे काका: आमच्या घरचं विचारून सांगतो.

पाटील (सेक्रेटरी): हॉलची वेळ बदलून सकाळी ११ ते २ नोंदवली आहे. सेन्सरवाल्यालाही फोन केला. माईक किती लागतील?

गौरी: दोन. माने वहिनी नको म्हणतायत, पण त्यांच्यासमोर ठेवू.