ब्रिटिश लोकसंगीतावर मराठीतून रेडिओ कार्यक्रम : गाणी, हक्क आणि ध्वनी

प्रश्न : कंदील_४११०३०

पुण्यातल्या एका कम्युनिटी रेडिओवर आठवड्याला अर्ध्या तासाचा एक, असे १३ भाग करायचे आहेत. विषय ब्रिटिश लोकसंगीत, निवेदन मराठीतून. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. इंग्रजी गाण्याची सवय नसलेल्या श्रोत्यापुढे भाग कसे बांधावेत? गाणी पारंपरिक आहेत म्हटल्यावर परवानगीची भानगड उरते का? आणि १९०८ च्या खरखरत्या रेकॉर्डपासून गिटार-ड्रमपर्यंत सगळं एका भागात वाजवायचं तर ध्वनीची पातळी कशी सांभाळायची? भाग नंतर नेटवरही टाकायचे आहेत.

उत्तर : कोमल_गांधार

पहिल्या भागात इतिहास सांगायला बसू नका, श्रोता स्टेशन बदलेल. पेटी घेऊन बसा. ‘स्कारबरो फेअर’ची पहिली ओळ साधारण सा सा प प रे ग रे सा अशी जाते, गांधार कोमल. दुसऱ्या ओळीत प नि सां नि करून वर जाताना निषाद कोमल आणि पुढे धैवत शुद्ध लागतो. झाला की काफी थाट! तिकडे याला डोरियन म्हणतात. मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, एओलियन म्हणजे आसावरी, आयोनियन म्हणजे बिलावल. मात्र साम्य स्वरांपुरतं आहे हे लगेच सांगून टाका. रागाचं चलन इथे नाही. तसं सांगितलं नाहीत तर ‘हा राग कुठला’ याचेच फोन येत राहतील.

दुसरा दुवा जात्याचा. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर बायका विणलेलं ओलं लोकरी कापड फळीवर आपटून घट्ट करायच्या. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ध्रुवपद धरायचं, कडव्यांची लांबी काम संपेपर्यंत. त्याच्या शेजारी जात्यावरची ओवी ठेवली की भाग आपोआप उभा राहतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून जमवलेला ओव्यांचा संग्रह एक लाखाच्या वर आहे, आता तो ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर आहे. ओवी तिथूनच घ्यायची असेल तर रीतसर विचारून घ्या.

तिसरा दुवा कथागीतांचा, त्यांना बॅलड म्हणतात. एका बहिणीने दुसरीला नदीत ढकललं, प्रेताच्या हाडांची वीणा झाली आणि वीणेनेच खून फोडला. ही गोष्ट गाण्याआधी मराठीत सांगायची, पण शेवट सोडून. वीणा काय बोलते ते गाण्यानंतर. सगळं आधीच सांगितलंत तर पुढची सात मिनिटं कुणी ऐकत नाही.

हिशेब असा : ३० मिनिटांतून सुरुवातीची धून आणि स्टेशनच्या घोषणा काढल्या की २७ उरतात. चार गाणी, मिळून १६-१७ मिनिटं, बाकी बोलणं. एकदा बोलायला लागलात की दीड मिनिटाच्या पुढे जाऊ नका. बॅलडच्या भागात तीनच गाणी बसतील. १ मे ला भाग येत असेल तर कॉर्नवॉलमधल्या पॅडस्टो गावाचा घोड्याचा उत्सव घ्या, त्याच दिवशी असतो. महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीमुळे ऐकणारेही घरी सापडतील.

आणि आयर्लंड वेगळं ठेवा. ‘आयरिश’ म्हणून गाजलेल्या ‘डॅनी बॉय’चे शब्द (१९१३) सॉमरसेटमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक वेदरली या इंग्रज वकिलाचे, एवढा अपवाद गंमत म्हणून सांगायला हरकत नाही.

उत्तर : लॉगशीट

परवानगीची भानगड उरते, आणि नेमकी इथेच माणसं फसतात. गाणं, त्याची मांडणी (अरेंजमेंट) आणि रेकॉर्डिंग हे तीन वेगळे हक्क. गाणं तीनशे वर्षं जुनं असलं तरी १९६९ च्या तबकडीवरची मांडणी कुणाची तरी असते आणि तबकडी कंपनीची. वेष्टणावर ‘पारंपरिक’ शब्दापुढे मांडणीकाराचं नाव आहे का ते बघा.

आपल्या कायद्यात शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, रेकॉर्डिंगचा प्रकाशनानंतर ६० वर्षं, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. ब्रिटनमध्ये दोन्हीकडे ७०. लोकगीतं जमवणारे सेसिल शार्प १९२४ मध्ये गेले, त्यांचं काम दोन्हीकडे मोकळं. संगीतकार व्हॉन विल्यम्स १९५८ मध्ये गेले, म्हणजे आपल्याकडे २०१८ अखेर सुटले, तिकडे २०२८ अखेरपर्यंत नाही. ‘डर्टी ओल्ड टाउन’ पारंपरिक समजून वाजवतात, पण ते युअन मॅकॉलचं आहे. ते १९८९ मध्ये वारले.

रेकॉर्डिंगमध्ये एक खाच आहे. ब्रिटनने ५० ची मुदत ७० केली ती नोव्हेंबर २०१३ मध्ये, आणि तोवर जे सुटलं होतं ते सुटलेलंच राहिलं. म्हणून १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेली रेकॉर्ड दोन्ही देशांत मोकळी. १९६३ ची मात्र आपल्याकडे २०२३ अखेर सुटली, तिकडे २०३३ अखेरपर्यंत बांधलेली. सीडीवर छापलेलं साल पुनर्प्रकाशनाचं असू शकतं, मूळ तबकडीचं साल शोधा. संग्रहालयात पडून असलेल्या, कधीच प्रकाशित न झालेल्या ध्वनिफितींना हे गणित लावू नका.

हवेवरच्या प्रसारणासाठी परवानगी देणाऱ्या संस्था अशा : शब्द-चालीसाठी आयपीआरएस, रेकॉर्डिंगसाठी पीपीएल किंवा थेट कंपनी. स्टेशनचे करार बहुधा आधीच असतात, ते कशाकशाला लागू आहेत हे लेखी विचारा. कायद्याच्या ३१-ड कलमाखाली प्रसारकाला वैधानिक परवाना मिळतो, पण तो इंटरनेटला लागू नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स विरुद्ध विंक प्रकरणात ठरवलं. तेव्हा भाग नेटवर टाकणं ही वेगळी परवानगी. सोपा मार्ग म्हणजे नेटवरच्या आवृत्तीत मोकळी रेकॉर्ड आणि स्थानिक गायकांकडून लेखी संमतीने गाऊन घेतलेली गाणी, एवढंच ठेवा.

कंदील_४११०३०

म्हणजे सुरुवातीपासूनच दोन आवृत्त्या करायच्या. एडिनबरा विद्यापीठाच्या लोकसंगीत संग्रहातल्या ध्वनिफिती नेटवर फुकट ऐकता येतात, त्या तरी चालतील ना?

लॉगशीट

फुकट ऐकणं वेगळं, वाजवणं वेगळं. त्या फिती ज्या संकेतस्थळावर आहेत त्या तोबार अन दुआल्खाइसला ईमेल करा, फितीचा क्रमांक, प्रसारणाची तारीख आणि स्टेशनचं नाव देऊन. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून असे भाग मालिकेच्या शेवटी ठेवा. प्रत्येक गाण्याचा राउड क्रमांकही (लोकगीतांच्या सूचीतला क्रमांक) टिपून ठेवा. एकच गाणं पन्नास नावांनी फिरतं. ‘बार्बरा अ‍ॅलन’ राउड ५४, मग स्पेलिंग काहीही असो. व्हॉन विल्यम्स मेमोरियल लायब्ररीच्या संकेतस्थळावर शोधता येतो.

उत्तर : फेडर_खाली

ध्वनीचं बघू. १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीने लिंकनशरच्या जोसेफ टेलरना कर्ण्यात गायला लावून रेकॉर्ड केलं, तेव्हा मायक्रोफोन वापरात नव्हता. त्यात वरचे स्वर मुळातच नाहीत, म्हणून ट्रेबल वाढवलंत तर फक्त खरखर वाढेल. ८० हर्ट्झच्या खालचं कापा आणि नॉइज रिडक्शन ६ डेसिबलवर थांबवा. १२ च्या पुढे गेलात की आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. थोडी खरखर राहू द्या, काळ कळतो.

पातळी पीकवर (सर्वांत उंच टोकावर) जुळवू नका, लाउडनेसवर (कानाला जाणवणाऱ्या जोरावर) जुळवा. ऑडेसिटीत ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ आहे. आकडा स्टेशनला विचारा, सांगितला नाही तर -२३ एलयूएफएस (लाउडनेसचं एकक) धरा. त्यानंतर साथीशिवायचं गाणं दीडेक डेसिबल खाली घ्या, कारण तोच आकडा ठेवला तरी एकटा गळा कानाशी आल्यासारखा वाटतो. आणखी एक, स्टेशनचा प्रोसेसर (प्रसारणाआधी आवाजाची पातळी सारखी करणारं यंत्र) शांत जागांचा आवाज वाढवतो. कडव्यांमधल्या श्वासात खरखर भसकन वर येते. तिथे आधीच हलका फेड द्या.

सायलेन्स डिटेक्टरची मर्यादा विचाराच. हळू आवाजातलं एकल गाणं आणि लांब विराम आला की काही यंत्रणा ‘प्रसारण बंद पडलं’ असं समजून राखीव फाइल लावतात, आणि गाण्याच्या मध्यात आरोग्याची जाहिरात सुरू होते. साठच्या दशकातल्या स्टिरिओत गळा एका बाजूला, गिटार दुसऱ्या बाजूला असते. एकदा मोनो करून ऐका.

निवेदन घरी करणार असाल तर पंखा बंद, खिडकीला दोन गोधड्या, डायनॅमिक माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित तिरका. फाइल डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ. रस्त्याकडेच्या खोलीत रात्री ११ च्या आधी बसू नका, हॉर्न काढता येत नाहीत.

उत्तर : उच्चारी

वर कापड आपटण्याच्या गाण्यांचा उल्लेख आहे, त्यांना ‘वॉकिंग साँग’ म्हणतात. स्पेलिंगमध्ये जादा ‘यू’ आहे, चालण्याशी संबंध नाही. चालता चालता म्हणायची गाणी असं निवेदनात जाऊ देऊ नका. ‘चाइल्ड बॅलड’ही बालगीतं नव्हेत, ३०५ बॅलडचा संग्रह करणाऱ्या फ्रान्सिस चाइल्ड यांचं ते आडनाव. नॉर्थंबरलंडमधल्या अॅल्नविक असं स्पेलिंगवरून वाटणाऱ्या गावाला ‘अ‍ॅनिक’ म्हणायचं. स्क्रिप्टमध्ये अशी नावं देवनागरीतच लिहा, वाचताना डोळा अडत नाही.