चर्चा : वैद्यकीय नीतिशास्त्राचा सीएमई, तोही क्रूझवर. जावं का?

गिरगावचा_जीपी
परवा आमच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं. शुक्रवारी संध्याकाळी बॅलार्ड पियरहून बोट सुटणार, गोवा करून सोमवारी सकाळी परत. तीन रात्री, बाल्कनीवाली केबिन, बुफे, रात्री डीजे. आणि निमित्त काय, तर 'दैनंदिन प्रॅक्टिसमधले नैतिक पेच' या विषयावर सहा तासांचा सीएमई, म्हणजे प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांसाठीचा शिक्षणवर्ग. कौन्सिलकडे क्रेडिट पॉइंट्ससाठी अर्ज केलाय म्हणे. फी तशी किरकोळच. खाली ठळक अक्षरांत : स्पाउस फ्री.

मला हसू आलं. बायको हसली नाही, तिने थेट कालनिर्णय काढलं.

डॉक्टर नसलेल्यांसाठी : महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची तर ३० पॉइंट्स लागतात. माझे अकरा कमी आहेत. एरवी रविवारी कुठल्या तरी बँक्वेट हॉलमध्ये पनीर टिक्का खात मी ते गोळा करतोच, सोवळ्यात आहे असा दावा नाही. डायबेटिसवरचं व्याख्यान बोटीवर झालं म्हणून इन्सुलिनचा डोस बदलत नाही. पण कुणाकडून काय घ्यावं हे शिकवणारा वर्गच दुसऱ्याच्या पैशावर तरंगत असेल तर? माझं मत, जाऊ नये. पटत नसेल तर भांडा.

भूलवाली_ठाणे
भांडते. गेल्या वर्षी मी असाच एक क्रूझ सीएमई केला. माझे आणि नवऱ्याचे पूर्ण पैसे भरून, जीएसटीसकट. स्वतःच्या कमाईतून मी समुद्रावर शिकले काय नि हॉटेलात शिकले काय, तुमचं काय जातं?

आणि सांगते, तिथे जे झालं ते बँक्वेट हॉलमध्ये झालं नसतं. तिथे दुसऱ्या स्लाइडला निम्मे लोक फोन कानाला लावून बाहेर असतात. बोट खोल पाण्यात गेली आणि तासा-दीड तासात रेंज गेली. सगळे पाच मिनिटं खिसे चाचपत होते, मग नाइलाजाने ऐकायला लागले. एका आयसीयूवाल्या सरांनी स्वतःची केस मांडली. ८४ वर्षांचे आजोबा व्हेंटिलेटरवर, मुलगी इथे रोज उशाशी बसून म्हणते पुरे करा, मुलगा अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर म्हणतो काहीही करा, पैशाची काळजी नको. सरांनी अकरा दिवस ओढले. म्हणाले, 'मी पेशंटसाठी नाही, त्या मुलाच्या वकिलाच्या भीतीने ओढले.' हे वाक्य माणूस घरच्या गर्दीत बोलत नाही हो.

मग अरुणा शानबाग (हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं बेशुद्धावस्थेत पडून राहिलेल्या केईएमच्या नर्स) प्रकरणाचा २०११ चा निकाल, २०१८ चा लिव्हिंग विलचा, म्हणजे शेवटी यंत्रांवर ठेवू नका असं आधीच लिहून ठेवण्याचा निकाल, असं सगळं निघालं. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती प्रक्रिया सोपी केली, आता मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, हे त्या खोलीत किती जणांना ठाऊक होतं? मला नव्हतं. आणि मी रोज आयसीयूत असते.

सांताक्रूझ_सर्जन
पॉइंट्स मिळतात ना? मग जा की. एका केबिनने डॉक्टर विकत जात नाही.

बॅग_बावीस_वर्षं
सर्जनसाहेब, नमस्कार. बावीस वर्षं एमआरची, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीची, बॅग खांद्यावर घेऊन दादर ते बोरिवली केलंय. एका केबिनने डॉक्टर विकत जात नाही, बरोबर. आम्ही विकत घेतही नव्हतो, भाड्याने घेत होतो.

कसं चालायचं सांगतो. कंपनी डॉक्टरला तिकीट देत नाही, ते दिसतं. कंपनी संघटनेला 'शैक्षणिक अनुदान' देते, संघटना बोट बुक करते, आणि डॉक्टरांची फी अर्ध्याहून कमी होते. उरलेले पैसे कुठून आले ते पावतीवर कुठेच नसतं. हॉलच्या दारात आमचा स्टॉल, पेन आणि पॅड. पुढच्या सोमवारी आम्ही केमिस्टकडे आरसीपीए करायला हजर. म्हणजे कुठल्या डॉक्टरची कुठली चिठ्ठी आली, कुठला ब्रँड किती गेला, ते केमिस्टच्या काउंटरवर उभं राहून वहीत उतरवायचं. प्रवासाला गेलेल्यांची नावं माझ्याकडे वेगळ्या पानावर असायची. फरक दिसला नसता तर एरिया मॅनेजरने पुढच्या वर्षी पैसे दिले असते का?

भूलवाली मॅडम, तुम्ही पूर्ण पैसे भरलेत ते पटलं. पण एवढं सांगा, तुमच्या केबिनची पूर्ण किंमत किती होती ते तुम्हाला कुणी सांगितलं? बोटीच्या कंपनीने की आयोजकाने?

गिरगावचा_जीपी
सर्जनसाहेब, १९९२ साली 'चेस्ट' या अमेरिकन जर्नलमध्ये नेमका असाच अभ्यास आला होता. दोन औषधं, प्रत्येकी दहा डॉक्टर, सगळा खर्च करून पर्यटनस्थळी सिम्पोझियमला नेलेले. जाण्याआधी बहुतेक जण म्हणाले, आमच्या चिठ्ठीवर काडीचा परिणाम होणार नाही. परतल्यावर एका औषधाचा वापर त्या हॉस्पिटलात तिपटीच्या वर गेला, दुसऱ्याचा दुपटीच्या वर. त्यांच्यातलं कुणी खोटं बोलत होतं असं मला वाटत नाही, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

कोर्टनाका
वकील आहे, त्यामुळे रूक्ष वाटेल. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२ च्या आचारसंहितेत डिसेंबर २००९ मध्ये कलम ६.८ घातलं. औषध कंपनीकडून किंवा तिच्या प्रतिनिधीकडून सुट्टीसाठी वा परिषदेला, सीएमईला डेलिगेट म्हणून जाण्यासाठी प्रवासाची सोय घ्यायची नाही, स्वतःसाठी नाही आणि कुटुंबासाठीही नाही. रेल्वे, विमान, बोट, आणि पुढे चक्क 'क्रूझ तिकीट' असा शब्द आहे. स्पाउस फ्रीवाल्यांनी 'कुटुंब' हा शब्द दोनदा वाचावा.

तेव्हा हे कलम डॉक्टरांना आणि त्यांच्या संघटनांना, दोघांनाही लागू होतं. फेब्रुवारी २०१६ च्या दुरुस्तीत संघटना वगळल्या. बॅगवाले जे सांगतायत ती वाट तिथे मोकळी झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणजे आज पुन्हा २००२ चेच. मार्च २०२४ ची औषध विपणन संहिता कंपन्यांना म्हणते, वक्ता सोडून कुणाचा प्रवासखर्च करू नका आणि परदेशी ठिकाणी सीएमई घेऊ नका. आता मुंबईहून खोल समुद्रात जाऊन परत येणारी बोट १२ सागरी मैलांपलीकडे, म्हणजे देशाच्या सागरी हद्दीबाहेर, गेली की ते परदेशी ठिकाण का, यावर एखादा अशील फी देणार असेल तर मी दोन्ही बाजूंनी लढायला तयार आहे.

करातही तेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तू कंपनीला खर्च म्हणून वजा करता येणार नाहीत.

भूलवाली_ठाणे
@बॅग, आयोजकाने सांगितली होती. खरंय, बोटीच्या साइटवर मी पाहिलंच नाही. मुद्दा घेतला.

तरी माझा प्रश्न उभाच आहे. रविवारच्या बँक्वेट हॉलचं भाडं कोण भरतं? पनीर टिक्का चालतो आणि बाल्कनी नको, हे नीतिशास्त्र आहे की लाजेचा हिशेब?

नाइट_ड्यूटी_परळ
मी स्टाफ नर्स, महापालिकेच्या हॉस्पिटलात. तुमचं सगळं वाचलं. अरुणा शानबागचं नाव आलं म्हणून लिहिते.

नोव्हेंबर १९७३ ते मे २०१५. केईएमच्या वॉर्डात बेचाळीस वर्षं त्यांना आंघोळ कुणी घातली, भरवलं कुणी, कूस कुणी बदलली? सिस्टर आणि आयाबाईंनी. कोर्टातसुद्धा त्याच म्हणाल्या, आम्ही सांभाळतो, तुम्ही मध्ये पडू नका. बरोबर की चूक, त्यावर भांडा हवं तर. पण मरणाच्या नीतिशास्त्राचा देशातला सगळ्यात मोठा धडा मुंबईच्या नर्सेसच्या हातून घडला, आणि त्यावरच्या चर्चेला केबिन मिळते डॉक्टरांना.

आम्हालाही क्रेडिटचे तास लागतात. आमचा वर्ग तळमजल्यावर, नाइट करून आलेल्या मुली शेवटच्या रांगेत भिंतीला डोकं टेकून. मागच्या वेळी विषय होता पेशंटची गोपनीयता. दार उघडंच होतं, कारण पंखा बंद. बाहेर एका पेशंटच्या एचआयव्ही रिपोर्टवरून ओरडा चाललेला सगळ्यांना ऐकू येत होता. उदाहरणाला स्लाइडची गरज पडली नाही.

भूलवाली मॅडम, तुमच्या त्या ८४ वर्षांच्या आजोबांच्या चर्चेत रात्रीची सिस्टर होती का? त्या अकरा रात्री मुलगी तिच्याशीच बोलली असणार.

भूलवाली_ठाणे
नव्हती, ताई.

बोटीवरचा_डॉक्टर
निवृत्त आहे. परदेशी क्रूझ बोटींवर अकरा वर्षं डॉक्टर होतो. माझं मत दोघांपेक्षा वेगळं : नीतिशास्त्र शिकायला बोटीसारखी जागा नाही, फक्त तुम्ही चुकीच्या मजल्यावर बसताय.

खाली, पाण्याच्या पातळीजवळ, क्रूच्या केबिन असतात, खिडकी नसलेल्या. एकदा किचनमधला एक पोरगा आला, देवरुखकडचा. जुलाब. नोरोव्हायरसचा संशय असेल तर अन्न हाताळणाऱ्याला लक्षणं थांबल्यावरही ४८ तास वेगळं ठेवतात. तो मराठीत, दबक्या आवाजात म्हणाला, 'साहेब, लिहू नका ना. पुढचं कॉन्ट्रॅक्ट गेलं तर घराचं छप्पर राहील.' मी लिहिलं. वर दोन हजार माणसं त्याच्या हातचं खाणार होती. पण माझा पगारही त्याच कंपनीकडून यायचा, आणि पुढच्या वर्षी तो बोटीवर दिसला नाही. हे मी कुठल्या सीएमईत मांडू?

फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' अडकली ते आठवतंय? बोटीवर ३,७११ माणसं, त्यांत १३८ भारतीय, आणि त्यातले १३२ क्रू. प्रवाशांना केबिनमध्ये राहायला सांगितलं. मग त्यांच्या दाराशी ताटं कोण नेत होतं? क्रू. दोघा-दोघांच्या खोल्या, एकच मेस. शेवटी ७१२ जणांना कोरोना निघाला. विलगीकरण कुणाचं आणि कुणाच्या जिवावर, यावर सहा तास कमी पडतील. त्या बोटीवरच्या सीएमईत हा विषय ठेवा आणि क्रूतल्या दोघांना बोलायला बोलवा. मी फुकट येतो. म्हणजे माझ्या पैशाने येतो.

सांताक्रूझ_सर्जन
हा विषय असेल तर मीही येईन. (पूर्ण पैसे भरून, बॅगवाले.)

कोर्टनाका
पावती जपून ठेवा.

गिरगावचा_जीपी
काल रात्री आयोजकांना व्हॉट्सॲपवर तीन प्रश्न पाठवले. एक, एकूण खर्च किती आणि त्यात कुणाचा किती वाटा. दोन, 'स्पाउस फ्री' म्हणजे तिचे पैसे कोण भरणार. तीन, दोन नर्सेसना आणि एका माजी बोट-डॉक्टरला वक्ते म्हणून घेता का. बायको बाजूला बसून वाचत होती. म्हणाली, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की मला आधी सांग, माझी किंमत मला कळायला हवी.

सकाळी निळ्या टिका आल्या. दुपारी उत्तर आलं : 'सर, व्हेज की जैन?'

भूलवाली_ठाणे
जैन सांगा. गेल्या वेळी तेच गरम होतं.