'मेंटेनर'ला मराठीत पाटकरी म्हटलं तर?

आम्ही चारजण एका मुक्त सॉफ्टवेअरचं मराठीकरण करतोय, सगळे नोकरी सांभाळून, आणि 'मेंटेनर' (म्हणजे प्रकल्पाचा कोड सांभाळणारा, इतरांनी पाठवलेले बदल तपासून आत घेणारा) या शब्दावर महिनाभर अडलोय. कुणी 'प्रमुख' लिहिलं, कुणी 'देखभालकर्ता'. मला दोन्ही पटत नाहीत. प्रमुख म्हटलं की हुकूम आला, आणि फुकट काम करणाऱ्यांवर हुकूम चालतच नाही. डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या घटनेत तर स्पष्ट लिहिलंय की प्रकल्पाचं काम करायचं बंधन कुणावरच नाही, त्यांचा लीडर दरवर्षी मतदानाने निवडतात तरी तो कुणाला कामाला जुंपू शकत नाही. आणि देखभालकर्ता म्हटलं की मोटर दुरुस्त करणारा डोळ्यासमोर येतो.

मी धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचा. आमच्या पांझरा नदीवर पाणी वाटून घ्यायची फड पद्धत होती, बंधारा, त्याचा पाट, पाटाखाली फड म्हणजे शेतांचे गट, एका फडात सगळ्यांचं एकच पीक आणि ते बसून ठरवायचं. पाणी फिरवायला पाटकरी. जमीन त्याची नाही, पाणी त्याचं नाही, पण कुणाची बारी आधी ते तोच बघणार आणि शेवटचं शेत कोरडं राहिलं की "मनी बारी कव्हय?" (माझी पाळी कधी?) हे त्यानेच ऐकायचं. पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवून वाट बघत बसलेला माणूस मेंटेनरला हेच तर विचारतो!

> भाऊ, शब्द गोड आहे पण पाटकरी मोबदल्यावर नेमलेला असायचा, मेंटेनर बहुतेक वेळा फुकट राबतो. आणि काय पेरायचं हे पाटकरी कुठे ठरवायचा?

मोबदल्याचं खरंय, तिथे उपमा तुटते. ठरवण्याचं म्हणाल तर त्यासाठी फडाचे 'पंच' आहेतच की. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत २०१८ला तिचे जनक ग्विदो व्हॅन रॉसम निर्णयाच्या जागेवरून बाजूला झाले, २०१९पासून निवडून आलेली पाच जणांची स्टिअरिंग कौन्सिल आहे, ते सरळ पंच. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) नवं काम आत घ्यायला प्रत्येक आवृत्तीच्या सुरुवातीला साधारण दोन आठवडे मिळतात, त्या मर्ज विंडोला 'बारी' चपखल बसेल. रोडमॅपला (पुढच्या कामांच्या यादीला) आराखडाच ठेवू, फक्त ज्या कामापुढे कुणाचंच नाव नाही त्याला 'नियोजित' लिहू नका हो, 'पडीक' लिहा, नाहीतर लोक वर्षभर आशेवर राहतात.

> पडीक घेतलाच पाहिजे. आणि पाटकरीला माझं मत आणखी एका कारणासाठी, आमच्याकडे दोन मेंटेनर ताई आहेत, देखभालकर्ता की कर्ती हा घोळच नको, तो पाटकरी, ती पाटकरी.