आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातून) शिकलेल्या मुलीला नववीला पूर्ण फी, दाखलाही अडवलाय. मदत हवी आहे

पुणे. राज्य मंडळाची विनाअनुदानित इंग्रजी शाळा, 25 टक्के कोट्यातून पहिलीला प्रवेश, आता आठवी पास. आई धुणीभांडी करते. नववीची पूर्ण फी भरा नाहीतर दुसरी शाळा बघा, असं शाळा सांगते. दाखला मागितला तर मागच्या वर्षांची 'बाकी' काढते. सवलत दहावीपर्यंत मिळते का?

प्रतिसाद 1
नाही. 2009 च्या कायद्याची हमी आठवीलाच संपते. नववीची फी शाळा मागू शकते. पण आठवीपर्यंतची शिक्षण फी ही शासनाने शाळेला द्यायची प्रतिपूर्ती आहे, ती थकली तरी आईचं देणं होत नाही. 'बाकी'पोटी एक रुपयाही भरू नका, हमीपत्रावर सही तर मुळीच नको.

दाखल्याचा अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी मागितलं की नंतर 'अर्जच आला नाही' असं उत्तर मिळतं. तरीही अडवला, तर जून 2021 च्या शासन निर्णयाप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळा जन्माच्या दाखल्यावर प्रवेश देऊ शकतात. नववीची तक्रार शिक्षणाधिकारी, माध्यमिक यांच्याकडे करा. प्राथमिकच्या खिडकीवरून परत पाठवतात.

यूडायस प्लस, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदीची केंद्राची ऑनलाइन प्रणाली, विसरू नका. जुन्या शाळेने तिथून नाव सोडलं नाही, तर मुलगी वर्गात बसते पण नोंदीत नसते आणि पुढे दहावीचा फॉर्म अडतो. तिथला मुलीचा पेन क्रमांक (कायमचा विद्यार्थी क्रमांक) आत्ताच लिहून घ्या. तो आणि जन्मतारीख टाकून नवी शाळा नाव घेते.

प्रतिसाद 2
बदल नववीतच करा, दहावीत फार जड जातो. अनुदानित इंग्रजी माध्यमात जागा नसेल तर सेमी इंग्रजी बघा: गणित, विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे.

धागाकर्ती
आभार! एनएमएमएस (गरीब घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची) शिष्यवृत्ती मिळेल का?

प्रतिसाद 2
नाही, आणि याचाच संताप येतो. वर्षाला 12,000, नववी ते बारावी, उत्पन्न मर्यादा साडेतीन लाख; पण परीक्षा आठवीत आणि फक्त सरकारी, अनुदानित शाळांच्या मुलांना. कोट्यातली मुलं तितकीच गरीब असून बाहेर. अनुसूचित जातीची असेल तर मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीचं नव्या शाळेत विचारा, तिची मर्यादा अडीच लाख.

प्रतिसाद 1
सेमीत गेली तर मराठी प्रथम भाषा होईल, म्हणजे दुसऱ्या भाषेच्या अक्षरभारती पुस्तकाऐवजी प्रथम भाषेचं कुमारभारती. शिवाय इतिहास-भूगोलाची उत्तरं मराठीत. मुलं तिथेच अडखळतात, विषय येत असूनही. बालभारतीच्या संकेतस्थळावर आठवीची मराठी माध्यमाची पुस्तकं फुकट आहेत. शाळा सुरू व्हायच्या आत भूगोलाचा रोज एक स्वाध्याय मराठीत लिहून घ्या.