'कळलं का?' विचारणं मी सोडलं

"तीनतीनदा सांगूनही मुलं 'बाई, काय करायचंय?' विचारतात" ही एका शिक्षिकेची तक्रार वाचली आणि माझाच चौथीचा वर्ग डोळ्यांसमोर आला. 'कळलं का?' म्हटलं की 'होऽऽ बाई' येतंच, त्यात काही राम नसतो. मी आता मागच्या बाकावरच्या कुणाला तरी विचारते, "सांग बरं, आधी काय करायचं?" घोटाळा तिथेच उघडा पडतो.

दुसरं म्हणजे वाक्यातला क्रम. "जोड्या करा आणि पान ४२ वरचं..." यातलं 'जोड्या करा' कानावर पडताच दप्तरं सरकायला लागतात, पुढचं सगळं वाऱ्यावर. म्हणून काम आधी सांगायचं, पान नंबर आणि वेळ फळ्यावर लिहायची, 'उठा' अगदी शेवटी. कागद वाटायचे तेही त्यानंतरच. हातात कागद आला की कान बंद (शिक्षकांच्या प्रशिक्षणात आपलंही हेच होतं!).

आणि 'नीट बसा' म्हणण्यापेक्षा 'पेन्सिल खाली ठेवा' म्हणून बघा. नीट म्हणजे कसं, यावर वाद होतो. पेन्सिल खाली आहे की हातात, हे मलाही दिसतं आणि मुलालाही.