धरणातून विसर्ग सुरू असताना नदीपात्रात बसलेली माणसं गॅलरीतून दिसतात, काय करावं?

पेठेतलानदीकाठ:
पुण्यात नारायण पेठेत राहतो, तिसरा मजला, गॅलरीतून मुठेवरचा भिडे पूल आणि खालचा पात्रातला रस्ता सरळ दिसतो. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की बॅरिकेड लागतात, तरी लोक कडेने घुसतातच. परवा रात्री साडेनऊला एक जोडपं आणि चारेक वर्षांची मुलगी, घाटाच्या अगदी खालच्या पायऱ्यांवर. मुलीच्या हातात कणीस, बाबा मोबाईलचा टॉर्च पाण्यावर मारून तिला दाखवतोय. मी आपला आत्ता उठतील मग उठतील करत बघत राहिलो, तेवढ्यात त्यांच्या खालची पायरी दिसेनाशी झाली आणि त्यांना पत्ताच नाही. मग ओरडलो, ऐकू गेलं नाही. थोड्या वेळाने गेले ते आपणहून, पण तोपर्यंत मी नुसता उभा होतो हे काही डोक्यातून जात नाहीये. अशा वेळी नक्की काय करायचं?

खिचडीकाकू:
112 हा आपत्कालीन नंबर लावायचा, लगेच. आणि नुसतं "नदीत लोक आहेत" नाही सांगायचं, कुठला पूल, डेक्कनची बाजू की पेठेची, किती माणसं, लहान मूल आहे का, हे सांगा.
लोकांना वाटतं मघाशी पाणी एवढंच होतं म्हणजे आताही एवढंच राहील. अहो खडकवासल्याचा उपयुक्त साठा मुळात दोन टीएमसीपेक्षाही (म्हणजे दोन अब्ज घनफुटांपेक्षाही) कमी, वरून पानशेत, वरसगाव, टेमघरचं पाणी त्यातच येतं, त्यामुळे घाटमाथ्यावर पाऊस लागला की ते भरतं आणि विसर्गाचा आकडा दिवसातून दोन-तीनदा बदलतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर. दहा हजार म्हटलं की गुणाकार करून बघा.

आदित्य_वारजे:
मी खाली बसणाऱ्यांपैकी होतो म्हणून लिहितोय. कॉलेजात असताना आम्ही चौघं तिथेच बसलेलो, वरून एक काका ओरडत होते. झेड ब्रिजवर बसलं तरी कोणीतरी येऊन दम देऊन जातं, त्यामुळे आम्हाला वाटलं झालं यांचं सुरू, आणि आम्ही मुद्दाम वर बघितलं नाही. शब्द तर कळतच नव्हते, पाण्याचा आवाजच एवढा असतो. मग काकांनी मोठी बॅटरी आमच्यावर न मारता आमच्या गाडीवर मारली, आणि गाडीचं मागचं चाक पाण्यात होतं. त्या काकांना मी अजून ओळखत नाही, पण ते वरून बघत होते म्हणून आम्ही चौघं घरी गेलो. तुम्ही बघत जा हो. फक्त पाणी कुठे आलंय ते दाखवा.

सिंहगडरोडकर:
जुलै 2024 ला आमच्या सिंहगड रोडच्या एकतानगरीत नदीचं पाणी आलं तेव्हा लोक घरात झोपलेले होते, त्यांना उठायलाही वेळ मिळाला नाही. आणि इथे लोक आपल्या पायाने खाली जातात. गुडघाभर वाहतं पाणी मोठ्या माणसाला आडवं पाडतं, लेकरू घेऊन कसे जातात कळत नाही. एक सांगतो, त्यांना काढायला तुम्ही स्वतः खाली उतरू नका.

पेठेतलानदीकाठ:
आदित्य, मनापासून आभार. काल बॅटरी आणि शिट्टी आणली. आत्ता परत विसर्ग वाढवलाय आणि दोन पोरं बाईक घेऊन बॅरिकेडच्या कडेने खाली गेलीत. बॅटरी मारली, एकाने वर बघितलं, दुसरा रील काढतोय. 112 ला सांगितलंय, पेठेची बाजू, दोघं. गॅलरीतच आहे, ती वर येईपर्यंत हलत नाही.